२५ एचपी आउटबोर्ड: नवी बॅटरीही चार्ज होत नाही. स्टेटर बदलायचा का?

तिघराकाठ (ग्वाल्हेर)
नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणावर वापरतो ती १४ फुटी फायबर बोट, २५ एचपी टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन), सेल्फ स्टार्ट. बॅटरी १२ व्होल्ट ६० एएच (अँपिअर-तास), पाणी घालायची साधी लेड-अॅसिड. बोटीवर फिशफाइंडर, बिल्ज पंप (तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) आणि ५५ वॅटचा हॅलोजन सर्चलाइट. परतीच्या वेळी सेल्फ नुसता टक् करतो, मग दोरी ओढून चालू करावं लागतं.

मीटरचे आकडे: इंजिन बंद असताना १२.१, आयडलला १२.१, ३००० आरपीएमला १२.३. जुनी बॅटरी अशीच गेली म्हणून नवी टाकली, तिचंही तेच. मेकॅनिक म्हणतो स्टेटर (इंजिनातली वीज तयार करणारी कॉइल) गेला. पार्ट महाग आहे, शिवाय फ्लायव्हील (इंजिनचं जड फिरतं चाक) उतरवावं लागेल. मागवू का?

वायरमन_बडोदा
इतक्यात मागवू नका. तुमच्याच आकड्यांत एक खूण आहे. स्टेटर पूर्ण मेला असता तर इंजिन चालू असताना व्होल्टेज जागचं हललं नसतं, उलट फिशफाइंडरच्या लोडने थोडं उतरलं असतं. तुमचं १२.१ वरून १२.३ वर चढतंय, म्हणजे करंट येतोय पण वाटेत अडतोय.

आधी बॅटरी बाहेर काढून चार्जरवर लावा, ६० एएचला ६ अँपिअर पुरे. पूर्ण भरली की चार्जर काढून निदान चार तास तशीच ठेवा आणि मग मोजा. लगेच मोजलंत तर वरवरचं व्होल्टेज दिसतं आणि फसायला होतं. १२.६ च्या वर हवं; १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. हायड्रोमीटरने (अॅसिडची घनता मोजायची नळी) सहाही सेल बघा. एखाद्या सेलची घनता बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने कमी असेल तर ती बॅटरी गेलीच, पुढची तपासणी चांगली बॅटरी लावून करा.

आता खरी चाचणी. बोट पाण्यात हवी, नाहीतर फ्लशिंग मफ (इंजिनच्या पाणी घेण्याच्या जाळीवर बसवायचे रबरी कप) लावून नळ सोडा. कोरडं चालवलंत तर पंपाचा इम्पेलर जळेल. इंजिन ३००० च्या आसपास, सर्चलाइट चालू. मीटर डीसी व्होल्टवर. लाल टोक रेक्टिफायरच्या (स्टेटरच्या एसीचा डीसी करणारा भाग) आउटपुटच्या लाल वायरला, काळं टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबाला. क्लॅम्पला नाही, शिशाच्या खांबालाच टेकवा. खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्येच काट चढलेली असते. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. मग इंजिनच्या ब्लॉकपासून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंत तसंच मोजा. जिथे आकडा मोठा, तिथे दोष.

कॉइल_आणि_चुंबक (इंदूर)
वरच्याशी सहमत. दोन्ही बाजूंचा ड्रॉप (वायरीत होणारी व्होल्टेजची घट) ठीक निघाला तरच कॉइलकडे वळा, आणि तेव्हाही फ्लायव्हील उतरवायची घाई नको. स्टेटरच्या दोन वायरी (यामाहात बहुधा हिरव्या, मर्क्युरीत पिवळ्या) रेक्टिफायरपासून सोडवा. त्या दोघींत ओहम मोजा. रीडिंग फार कमी येतं, बऱ्याचदा एका ओहमच्याही आत. म्हणून मीटरच्या पिना आधी एकमेकींना टेकवून जो आकडा येईल तो वजा करा, नाहीतर चांगली कॉइल खराब वाटेल. प्रत्येक वायर ते इंजिन बॉडी: जोडणी अजिबात नको. जोडणी दाखवली तर कॉइल बॉडीला लागली आहे.

मग वायरी सुट्याच ठेवून इंजिन थोडा वेळ चालवा आणि दोघींत एसी व्होल्ट बघा. आरपीएमबरोबर आकडा सरळ वाढायला हवा. नेमका किती, ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. एसी नीट वाढतोय आणि डीसी येत नाही, तर रेक्टिफायर गेला. डायोड रेंजवर एका दिशेने ०.४ ते ०.७ आणि उलट दिशेने काहीच नाही, असं हवं.

आणि बॅटरीची केबल चालू इंजिनवर काढून बघू नका. ‘काढून बघ, बंद पडतं का’ ही गॅरेजवाली युक्ती रेक्टिफायर मारते. उलटसुलट टर्मिनल लागले तर तो क्षणात जातो.

तिघराकाठ
काका, आपण सांगितलं तसंच केलं. बॅटरी भरून ठेवल्यावर १२.७, सेल सारखे. निगेटिव्ह बाजूला ०.१. पण पॉझिटिव्ह बाजूला २.० व्होल्ट! रेक्टिफायरपाशी १४.३, बॅटरीच्या खांबावर १२.३. मधे काचेच्या फ्यूजचा होल्डर आहे, तो हाताला गरम लागतोय. फ्यूज मात्र शाबूत आहे.

वायरमन_बडोदा
सापडलं. फ्यूज शाबूत असतो, पण त्याला धरणाऱ्या पत्र्याच्या पकडी हिरव्या पडून सैल होतात. २ व्होल्ट तिथेच खर्ची पडले तर ३ अँपिअरलाही ६ वॅट उष्णता होल्डरमध्ये. म्हणून गरम.

घासून परत बसवू नका, होल्डरच बदला. झाकणाचा वॉटरप्रूफ ब्लेड फ्यूज होल्डर घ्या, फ्यूज मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढ्याच अँपिअरचा. जुनी वायर कापताना तांबं काळं दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. जोड क्रिंप करा (पकडीने दाबून) आणि वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. नुसती काळी टेप आतला ओलावा धरून ठेवते. बॅटरीवर पंखांचे नट असतील तर तेही काढा, हादऱ्याने सैल होतात. नायलॉन लॉकनट लावा.

अँपिअर_हिशेब (इंदूर)
एक भर घालतो, कारण होल्डर बदलूनही सेल्फ पुन्हा टक् करू शकतो. अशा इंजिनाचा ६ अँपिअर वगैरे चार्जिंग आउटपुट ५००० आरपीएमच्या आसपासचा असतो. गळ टाकून हळू फिरताना त्यातले एक-दोन अँपिअर मिळाले तरी खूप. ५५ वॅटचा सर्चलाइट एकटा साडेचारच्या वर घेतो. दोन तास लावला की ९ एएच गेले, आणि घरी येताना पंधरा मिनिटं वेगात चालवून ते भरून निघत नाहीत. सेल्फवर खापर फोडतात, पण तो १०० अँपिअर घेतो तेही तीन सेकंद, हिशेबाने ०.१ एएचसुद्धा नाही.

म्हणून हॅलोजनच्या जागी एलईडी लावा, आणि घरी आल्यावर रात्रभर चार्जर. मे महिन्यात ग्वाल्हेरच्या उन्हात पाणी दर पंधरवड्याला बघा, प्लेटा उघड्या दिसू देऊ नका. फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि ते चार्ज झाल्यावर घाला. आधी काठोकाठ भरलंत तर चार्जिंगमध्ये अॅसिड उतू जातं. दुरुस्तीनंतर ३००० ला बॅटरीच्या खांबावर १३.८ ते १४.५ यायला हवेत. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) बघा, आणि तोवर सीलबंद बॅटरी त्या इंजिनला लावू नका.

तिघराकाठ
नवा होल्डर लावला. ३००० ला खांबावर १४.१, सर्चलाइट लावून १३.६. स्टेटरची ऑर्डर रद्द केली. एलईडी बघतोय, किती वॅटचा घ्यावा?

अँपिअर_हिशेब (इंदूर)
१८ ते २० वॅट, म्हणजे दीड अँपिअरच्या आसपास. आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाणारा) लिहिलेला घ्या आणि त्याला वेगळा ३ अँपिअरचा फ्यूज लावा.