एफ २.८ चा स्टँडर्ड झूम: गरज की नुसती हौस?

झाकोळ:
दोन वर्षांपूर्वी २४-७० एफ २.८ लेन्स घेतली, म्हणजे २४ ते ७० मिमी झूम होणारी (मिमी कमी तितकं दृश्य रुंद, एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं उघडतं). आता विकायला काढतोय, त्याआधी मत मांडून टाकतो, मग खुशाल हाणा. हौशी माणसाला एफ २.८ चा स्टँडर्ड झूम लागत नाही. २४-१०५ किंवा २४-१२० एफ ४ घ्यावी, सोबत एक ५० एफ १.८ ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) पिशवीत टाकावी आणि मोकळं व्हावं.

माझी लेन्स नऊशे ग्रॅमच्या आसपास, फिल्टर ८२ मिमीचा. दिवसभर गळ्यात अडकवली की संध्याकाळी मान बोंबलते. परवा जुने फोटो चाळताना प्रत्येकाचं अ‍ॅपर्चर, म्हणजे ते छिद्र किती उघडं होतं, बघितलं. डोंगर, रस्ते, इमारती, सगळं ५.६ ते ८ वर. घरच्या फोटोंत चार माणसं कधी एका रेषेत उभी राहतात का? २.८ ला पुढच्याच्या पापण्या मोजता येतात आणि मागचा पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. म्हणजे तिथेही अ‍ॅपर्चर बंदच करत होतो. मग हे ओझं वाहिलं कशाला?

विंगेतला:
पावसात न जाणाऱ्याने छत्रीच्या वजनाची तक्रार करावी, तसं झालं हे.

मी नाटकं आणि नाचाचे कार्यक्रम काढतो. एफ ४ वरून २.८ म्हणजे एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश. मंचावर १/२५० सेकंदाच्या शटरला एफ ४ वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) ६४०० लागत असेल तर २.८ वर ३२०० त भागतं. किंवा आयएसओ तोच ठेवून १/५०० मिळतो. गिरकी घेणाऱ्या मुलीची बोटं १/१२५ ला पुसल्यासारखी येतात, १/५०० ला पाचही दिसतात. स्टॅबिलायझरचं कौतुक इथे सांगू नका. तो माझा हात स्थिर करतो, तिचा नाही.

झाकोळ:
मान्य. पण मग १.८ ची प्राइम का नाही? ती २.८ पेक्षाही सव्वा स्टॉप पुढे.

विंगेतला:
कारण नर्तकी मला विचारून जागा बदलत नाही. आत्ता अख्खा गट, पुढच्या क्षणी एकटीचा चेहरा. अंधारात प्राइम बदलेपर्यंत टाळ्या वाजून गेलेल्या असतात.

मिलिमीटर:
पार्श्वभूमी धूसर करायची म्हणून २.८ घेणाऱ्यांसाठी थोडं गणित. ७० ला २.८ ने भागा, २५ मिमीचं छिद्र येतं. १०५ ला ४ ने भागा, सव्वासव्वीस! चेहरा चौकटीत तेवढाच ठेवून मागे सरकलात आणि पार्श्वभूमी दूर असली, तर १०५ एफ ४ वाला फोटो किंचित जास्तच धूसर येईल. बोकेसाठी, म्हणजे या धूसरपणासाठी, २.८ चा झूम घेणं म्हणूनच मला पटत नाही.

विंगेतला:
मागे सरकायला भिंत नसावी लागते, मिलिमीटरराव. दीडपट अंतर लागतं. आणि प्रकाश निम्माच राहिला, त्याचं काय?

मिलिमीटर:
त्याचं काही नाही. प्रकाशाचा मुद्दा तुमचा.

नवशिकी:
मधेच विचारते. माझा कॅमेरा एपीएस-सी आहे, म्हणजे सेन्सर फुल फ्रेमपेक्षा (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान, सोबतची १८-५५ लांबच्या टोकाला ५.६ वर अडते. मीही २४-७० च घेऊ का?

टेपपट्टी:
ताई, मुळीच नको. लहान सेन्सरच्या १.५ पट क्रॉपमुळे २४ चे ३६ मिमीसारखे होतात, दृश्य अरुंद होतं, खोलीत पाठ भिंतीला टेकेल. तुमच्या माउंटला (कॅमेऱ्याच्या लेन्स-जोडणीला) मिळत असेल तर सिग्माची १८-५० एफ २.८ बघा, तीनशे ग्रॅमच्या आत आहे. ५.६ वरून २.८ म्हणजे दोन स्टॉप, चौपट प्रकाश. फरक पहिल्याच संध्याकाळी कळेल. फक्त धूसरपणा फुल फ्रेमच्या एफ ४ इतकाच मिळेल, एवढं लक्षात ठेवा.

आणि झाकोळ, वजनाचं रडगाणं जुनं झालं हो. टॅमरॉनची २८-७५ एफ २.८ २०१८ साली आली तीच ५५० ग्रॅमची, फिल्टर ६७ चा. सोनीची २४-७० जीएम ८८६ ग्रॅमची होती, २०२२ ची दुसरी आवृत्ती ६९५ ची. एफ ४ वाली सोनीची २४-१०५ आहे ६६३. बत्तीस ग्रॅमसाठी एक स्टॉप सोडणार?

मिलिमीटर:
२८ वाल्या हलक्या लेन्सचा हिशेब मात्र पुरता सांगा. २४ ला कर्णावर ८४ अंश दिसतं, २८ ला ७५. कागदावर चार मिमी, खोलीत कडेचा माणूस चौकटीबाहेर.

टेपपट्टी:
खरंय. मी स्वतः २८ वाली वापरतो आणि लग्नाच्या फोटोंत कडेचे नातेवाईक रुसतात.

झाकोळ, विकण्याआधी एक करा. आठ दिवस आहे तीच लेन्स लावायची, पण छिद्र एफ ४ पेक्षा मोठं उघडायचं नाही. अडलं नाही तर खुशाल विका.

झाकोळ:
आठ दिवस झाले. सात दिवस काही अडलं नाही, हे आधी नोंदवतो. बाहेर भटकायला एफ ४ च बरी, यावर मी ठाम आहे.

आठव्या दिवशी भाच्याचं नाटक होतं. शेवटच्या प्रवेशात दिवे मंदावले, एकच कंदील उरला. आयएसओ १२८०० वर गेला, तरी शटर १/६० च्या वर येईना. भाचा कंदील घेऊन धावत सुटला आणि माझं बोट आपसूक डायलवर गेलं.

२.८ ला १/१२५ मिळाला. धावता पाय हलले आहेत, चेहरा चांगला आलाय.

विंगेतला:
मग, विकताय ना? माझा एक मित्र घ्यायला तयार आहे.

झाकोळ:
मित्राला म्हणावं थांब जरा.