उलमनला निर्वासित म्हणावं का?

बाकावरचा

पुढच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या वाचनालयात पंधरा-वीस जणांसाठी ऐकण्याचा कार्यक्रम ठेवलाय. व्हिक्टर उलमनची जर्मन ऑपेरा 'डेअर कायझर फॉन अटलांटिस' (अटलांटिसचा सम्राट), जेमतेम तासाभराची. सोबत एक पानी टिपण वाटायचं आहे. त्याची पहिली ओळ मी लिहिली : 'एका निर्वासित संगीतकाराची राजकीय चेंबर ऑपेरा'. बायकोने वाचून विचारलं, "निर्वासित म्हणजे उल्हासनगरचे का?" तिचं माहेर कल्याणचं, त्यामुळे तिच्या कानात तो शब्द तिथेच बसलेला. मी हसलो खरा, पण ओळ खुपायला लागली.

गोष्ट थोडक्यात सांगतो. सम्राट सगळ्यांचं सगळ्यांशी युद्ध पुकारतो. मृत्यू इथे जुना गणवेश घातलेला निवृत्त शिपाई आहे. घाऊक मरणाचा हा धंदा त्याला अपमानास्पद वाटतो, तो तलवार मोडून काम बंद करतो आणि कुणी मरेनासं होतं. फाशी दिलेलाही जिवंतच. शेवटी मृत्यू परतायला तयार होतो, पण अट एकच : आधी सम्राटाने यायचं. हे १९४३-४४ साली टेरेझिनच्या नाझी छावणीत लिहिलं गेलं. तालमी झाल्या, प्रयोग झाला नाही.

'निर्वासित'ला दुसरा शब्द सुचवा. आणि 'चेंबर'चंही बघा : थोड्या वाद्यांची, छोट्या जागेतली ऑपेरा अशा अर्थाने.

कागदपत्रे

कोर्टात तीस वर्षं कारकुनी केली, म्हणून आधी आमच्याकडचे शब्द.

तडीपार अजिबात नको. तडी म्हणजे काठ, त्याच्या पलीकडे घालवलेला, इथवर ठीक. पण आज तो शब्द महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७चा आहे. जास्तीत जास्त दोन वर्षं, अमुक जिल्ह्यातून बाहेर. तडीपार गडी शेजारच्या जिल्ह्यात टपरीवर चहा पीत मुदत मोजत असतो.

हद्दपारमध्ये सरकार दिसतं, मुदत दिसत नाही. परागंदा मूळ फारसी, तिकडे अर्थ 'विखुरलेला'. मराठीत तो आपल्या पायांनी निघून जातो, कधी भीतीने, कधी कर्जापायी.

तुमच्या घरी अडलेला शब्द मात्र मुळात बरोबर आहे. संस्कृतात निर्वासित म्हणजे हाकलून दिलेला. फाळणीनंतर आपण त्याचं तोंड फिरवलं. कुठून हाकलला हे मागे पडलं, आणि कुठे येऊन राहिला हे पुढे आलं. आता निर्वासित म्हटलं की छावणी, शिधा आणि पुनर्वसन.

रत्नांग्रीकर

आमच्याकडे एक अख्खा राजा असा आणून ठेवला होता. ब्रह्मदेशचा थिबा, १८८६पासून १९१६ साली मरेपर्यंत रत्नागिरीत. त्याला कुणी निर्वासित म्हणत नाही, की परागंदाही म्हणत नाही. म्हणतात स्थानबद्ध, किंवा नजरकैदेत. पुढे सावरकरांनाही इथे ठेवलं, तेव्हाही शब्द स्थानबद्धच. मला वाटतं तुमच्या उलमनला तोच चालेल. छावणीतून बाहेर जाता येत नव्हतं ना?

पेटीमास्तर

रत्नांग्रीकर, थिबाला राजवाडा बांधून दिला होता. टेरेझिनमध्ये माणसं पोटमाळ्यावर कोंबलेली होती आणि उपासमारीने मरत होती. 'स्थानबद्ध' फार सभ्य पडतो.

आणि मुळात प्रश्नातच घोळ आहे. उलमन देश सोडून गेलाच नाही. जन्म १८९८, टेशेनचा. व्हिएन्नात संगीतकार शोनबर्गकडे शिकला, नंतर बराच काळ प्रागमध्ये. १९३९ साली दोन मुलांना बाहेर पाठवलं, स्वतः मागे राहिला. ८ सप्टेंबर १९४२ला त्याला टेरेझिनला नेलं. प्रागपासून टेरेझिन साधारण साठ किलोमीटर, म्हणजे पुण्याहून लोणावळा. याला देशाबाहेर घालवणं म्हणायचं?

खरा परागंदा संगीतकार हवा असेल तर आपल्या मुंबईत होता. वॉल्टर कॉफमन, कार्ल्सबादचा ज्यू. १९३४ साली युरोप सोडून मुंबईत आला, १९४६पर्यंत राहिला. आकाशवाणीची सकाळची ती धून त्याच्याच नावावर आहे. आल्या आल्या त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. म्हणजे तुमच्या 'चेंबर' शब्दाला नव्वद वर्षांचं मुंबईचं रेशनकार्ड आहे, त्याला हात लावू नका.

बाकावरचा

मास्तर, चूक कबूल. पण चेंबरबद्दल शंका आहे. आमच्या सोसायटीत 'चेंबर' म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "पुन्हा तुंबलं का?" म्हणून 'कक्ष-संगीतिका' करून पाहिलं, तर अतिदक्षता कक्ष आठवतो. 'बैठकीची ऑपेरा' म्हणू का? बैठकीची लावणी आहेच की.

पेटीमास्तर

बैठकीची हा सुंदर शब्द आहे आणि अर्थही जवळचा आहे : थोडी वाद्यं, जवळ बसलेले लोक. पण बैठकीत यजमान असतो, तक्क्या असतो, विडा असतो. इथे उलमनला छावणीत जे वादक आणि जी वाद्यं मिळाली त्यांवर भागवायचं होतं. म्हणून मेळ असा विचित्र : व्हायोलिन-चेलोच्या जोडीला सॅक्सोफोन, बॅन्जो, आणि हो, हार्मोनियमसुद्धा. आपली पेटी त्या यादीत पाहून मी खुर्चीतून उठलोच होतो.

'संगीतिका' आकाशवाणीने वापरून गुळगुळीत केला, फार गोड झालाय. उलट यात मधे मधे चक्क गद्य संवाद आहेत, त्यामुळे आपलं 'संगीत नाटक' इतर कुठल्याही ऑपेरापेक्षा हिला जास्त शोभेल. तरीही कार्यक्रमाच्या कागदावर ऑपेराच ठेवा. संगीत नाटक म्हटलंत तर लोक नांदीची वाट बघतील.

कागदपत्रे

चेंबरबद्दल आणखी एक, थोडं जड आहे. जर्मनमध्ये चेंबर ऑपेरा म्हणजे 'कामरओपर'. आणि ज्या जागेत १८ ऑक्टोबर १९४४ला उलमनला मारलं, ती 'गासकामर', म्हणजे गॅस चेंबर. कामर तोच. मराठीत तुम्ही एकाला कक्ष आणि दुसऱ्याला चेंबर म्हणालात तर ते दोन शब्द वेगळे होतात. दोन्हीकडे चेंबर ठेवलंत तर वाचणाऱ्याला ते दिसेल, किंवा दिसणारही नाही. पण तुम्ही पुसलं असं होणार नाही.

बाकावरचा

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चेंबर राहिलं.

आता नावाचं. मूळ नावाला जोडून एक उपनाव येतं, 'डेअर टोड डांक्ट आप'. मी 'मृत्यू राजीनामा देतो' केलंय.

रत्नांग्रीकर

मृत्यू संपावर! सगळ्यांना लगेच कळेल.

पेटीमास्तर

संपाला युनियन लागते, मागणीपत्र लागतं. हा म्हातारा एकटा आहे, त्याला पगारवाढ नकोय. आणि मूळ क्रियापद राजेलोकांचं आहे, १९१८ साली कायझरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, केलं ते. गंमत तीच, की इथे गादीवर सम्राट तसाच बसून आहे आणि सोडून जातो मृत्यू. 'गादी सोडतो' म्हणणार होतो, पण मग लोकांना कापूस पिंजणारा आठवेल. 'पायउतार होतो' कसं वाटतं? वर्तमानपत्रात रोज असतं, आणि फक्त खुर्चीवाल्यांसाठीच वापरतात.

आणि सम्राटाचं नाव ओव्हरऑल. जर्मन राष्ट्रगीतातल्या 'डॉइचलांड यूबर आलेस'मधल्या 'यूबर आलेस'वरची (सगळ्यांच्या वर) कोटी आहे. सुरावटीतही ती आहे : ढोलवाली हे पात्र सम्राटाच्या पदव्या घोषित करतं तेव्हा तेच राष्ट्रगीत वाकडं करून वाजतं. मराठीत हे नाव आयतं मिळतं : सम्राट सर्वेसर्वा.

रत्नांग्रीकर

सर्वेसर्वा एक नंबर. पण निर्वासितचं काय ठरलं? आम्ही स्थानबद्धवर हरलो, ते मान्य.

कागदपत्रे

तेच सांगायला आलो. टेरेझिनच्या लोकांच्या तोंडी सगळ्यात भीतीचा शब्द होता 'ट्रान्सपोर्ट', म्हणजे मृत्युछावण्यांकडे माणसं नेणारी गाडी. कुणाचं नाव ट्रान्सपोर्टच्या यादीत आलं, एवढंच बोललं जायचं. आपल्याकडे याला अगदी नेमका शब्द आहे आणि तो मी रोज लिहायचो : रवानगी. 'आरोपीची रवानगी येरवड्याला.' मालाचीही रवानगीच. त्यात पाठवणारा दिसत नाही, जाणाऱ्याला विचारलेलं नसतं, आणि परतीचा उल्लेख तर नसतोच. उलमनची पहिली रवानगी टेरेझिनला, दुसरी १६ ऑक्टोबर १९४४ला ऑशविट्झला. संहिता लिहिणारा पेटर कीन, चित्रकार, पंचविशीतला पोरगा, तोही त्याच महिन्यात गेला.

संहितेच्या टंकलिखित प्रतीतली काही पानं छावणीत आणलेल्या कैद्यांच्या छापील नोंदपत्रांच्या मागे उमटवलेली आहेत. पाठकोरे कागद. पुढच्या बाजूला आलेल्या माणसाची माहिती भरायचे रकाने, मागच्या बाजूला मृत्यू काम करायला नकार देतोय. जाण्याआधी उलमनने हस्तलिखितं छावणीच्या ग्रंथपालाकडे सोपवली, म्हणून १९७५ साली ॲमस्टरडॅमला पहिला प्रयोग होऊ शकला.

बाकावरचा

टिपणाची पहिली ओळ आता अशी केली आहे :

'टेरेझिनला रवानगी झालेल्या व्हिक्टर उलमनची चेंबर ऑपेरा : अटलांटिसचा सम्राट, अर्थात मृत्यू पायउतार होतो.'

'राजकीय' काढून टाकलं, ते सर्वेसर्वा हे नाव वाचल्यावर कळतंच. बायकोला दाखवलं. म्हणाली, ठीक आहे, पण ऑपेरा 'तो' की 'ती'?

पेटीमास्तर

ती. ऑपेरा हाउसला मात्र 'ते' म्हणतात, त्यात पडू नका. आणि टिपण पाठकोऱ्या कागदांवर छापा.