मदत हवी आहे: पोस्ट बेसिक (डिप्लोमानंतरची बी.एस्सी. नर्सिंग) करून एम.एस्सी. नर्सिंगपर्यंत किती वर्षं लागली?

नमस्कार ताई-दादांनो. मी कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहते, २०१४ ला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाले (तेव्हा साडेतीन वर्षांचं होतं), तेव्हापासून खासगी दवाखान्यात वॉर्डला आहे. पोस्ट बेसिक करायचं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी राहतं. आधी लग्न, मग लेक, मग सासूबाईंचं आजारपण.

कागदावर हिशोब सोपा: पोस्ट बेसिक २ वर्षं, एम.एस्सी. २ वर्षं. एम.एस्सी.ला लागणारा वर्षाचा अनुभव तर कधीच झालाय. पण कॉलेज पूर्णवेळ, मग पगाराचं काय? नाइट ड्युटी करून सकाळी वर्गात बसणं कुणाला जमलंय का? पोस्ट बेसिक आणि एम.एस्सी.च्या मध्ये किती खंड पडला? कोल्हापुरातल्या कुणी केलं असेल तर खरं सांगा, गोड नको.