मदत हवी आहे: शाळेजवळच्या टपरीवरचा सिगारेटचा बोर्ड उतरवायचा आहे

पालक-शिक्षक संघातर्फे तक्रार द्यायची आहे. शाळेच्या फाटकापासून रस्त्याने 120 मीटरवर पानटपरी आहे. वर ब्रँडच्या नावाचा, आत दिवा असलेला बोर्ड. पाकिटं लिमलेटच्या बरणीला खेटून मांडलेली. तक्रार केली की 200 रुपयांची पावती फाटते, बोर्ड तिथंच. अर्जात नेमकं काय लिहावं?

काथ-चुना:
200 रुपये हा 2003 च्या तंबाखू कायद्यातल्या कलम 6 चा, म्हणजे विक्रीचा दंड. जाहिरात कलम 5 मध्ये येते. तिची शिक्षा कलम 22 मध्ये आहे: पहिल्या वेळी 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात कोंबल्या की सोपी ती पावती फाडून प्रकरण मिटवतात. म्हणून दोन वेगळे अर्ज द्या, दोन्हींची पोच घ्या.

बोर्डाचं माप लिहा. दुकानावर 60 × 45 सेंमीचे जास्तीत जास्त दोनच बोर्ड चालतात. वरच्या भागात 20 × 15 सेंमीचा इशारा लागतो, तोही भारतीय भाषेत. ब्रँडचं नाव, पाकिटाचं चित्र आणि दिवा, तिन्हींना बंदी. या नियमांवरची स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये उठवली, तेव्हा "स्टे आहे" हे जुनं पालुपद ऐकून परत फिरू नका. रात्री दिवा लागलेला असताना एक फोटो काढा, दुसरा मोजपट्टी लावून.

गज-फूट:
अंतर चुकीचं मोजलंय. शाळेभोवती विक्रीबंदी 100 यार्डांची, म्हणजे 91.44 मीटर, आणि ती त्रिज्या आहे: कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत. फाटकापासून रस्त्याने मोजलं की वळणावळणात टपरी सुटते. नकाशाच्या ॲपवर कुंपणाच्या जवळच्या कोपऱ्यापासून मोजा. आत आली तर तिथे विक्रीच बेकायदा.

प्रश्नकर्ता:
बोर्ड काढून टपरी त्याच ब्रँडच्या रंगांत रंगवली, नाव लिहिलं नाही, तर?

काथ-चुना:
तीही पळवाट नाही. ब्रँडशी जोडलेले रंग आणि मांडणी वापरणं नियमांत अप्रत्यक्ष जाहिरातच धरलंय. फक्त पाकीट आणि टपरी एकाच फोटोत घ्या, नाहीतर "रंगच तर आहे" म्हणतील.

अर्ज पोलीस ठाण्यात द्या, प्रत अन्न व औषध प्रशासनाला. जप्तीसाठी फौजदार किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी लागतो. हवालदाराने बोर्ड उचलला तर पुढे तोच मुद्दा आरोपीच्या कामी येतो. आणि आधी शाळेच्या बाहेर 100 यार्डांच्या विक्रीबंदीचा फलक लावलाय का पाहा, ती जबाबदारी शाळेची.