साक्षरता दिनासाठी मुलांची शब्दकोडी : कोणती निवडावीत आणि कशी रचावीत?

वाचनवेल (धागाकर्ती)

नमस्कार. आमच्या बालवाचन गटात सहा ते बारा वर्षांची सुमारे २५ मुले नियमित येतात. येत्या ८ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन आहे. युनेस्कोने १९६६ मध्ये जाहीर केलेला आणि १९६७ पासून पाळला जाणारा हा दिवस मुलांसोबत शब्दकोड्यांच्या निमित्ताने साजरा करावा, असे आम्ही ठरवले आहे.

मात्र मागच्या प्रयत्नाने माझा उत्साह थोडा मावळला आहे. तेव्हा मी 'पुस्तकांचे जग' या विषयावर एक शब्दशोध तयार केला होता. मुलांनी दहा मिनिटांत सगळे शब्द शोधून त्यांना गोल केले. पण 'अनुक्रमणिका म्हणजे काय?' असे विचारल्यावर तो शब्द शोधून काढणाऱ्यांपैकी एकालाही सांगता आले नाही, आणि त्या दुपारी एकही पुस्तक उघडले गेले नाही. वाचनाच्या दिवशी वाचनच घडले नाही, ही गोष्ट मला फार लागली. कोडे सोडवताना मुलाला पुस्तकापाशी जावेच लागेल, अशी रचना कशी करावी? वयानुसार कोणते प्रकार योग्य ठरतील? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

कोडेकर

तुमच्या शब्दशोधाखाली शोधायच्या शब्दांची यादी दिली होती, असे मी गृहीत धरतो. तसे असेल तर मुलांनी काहीच चूक केली नाही, कारण यादीतला आकार जाळीत हुडकणे एवढेच काम त्या कोड्याने त्यांना दिले होते आणि त्यासाठी अर्थ कळण्याची गरज नव्हती. पुढच्या वेळी यादी काढून टाका आणि तिच्या जागी अर्थ द्या. 'पुस्तकात कोणता धडा कोणत्या पानावर आहे हे सांगणारी यादी' असे लिहिले, की मुलाला आधी 'अनुक्रमणिका' हा शब्द आठवावा लागतो किंवा हातातल्या पुस्तकाची पहिली पाने उलटून पाहावी लागतात, आणि मगच तो जाळीत शोधता येतो.

सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी मात्र यादी राहू द्यावी. त्या वयात अक्षरे जोडून शब्द ओळखणे हाच मोठा पराक्रम असतो. त्यांची जाळी ६ × ६ पेक्षा मोठी नसावी आणि शब्द केवळ डावीकडून उजवीकडे किंवा वरून खाली असावेत. उलटे आणि तिरके शब्द लहान वाचकाच्या वाचनदिशेलाच गोंधळात टाकतात, आणि ज्या मुलांना वाचायला मुळातच कष्ट पडतात त्यांचा तर धीर खचतो.

पानोपानी

मी अनेक वर्षे मुलांसाठी आडव्या-उभ्या शब्दांची कोडी रचते आहे. धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाला शोधसूत्रांमधूनच उत्तर मिळते, असे माझे ठाम मत आहे. 'गोष्टीच्या नायकाचे नाव काय?' यासारखे सूत्र निरुपयोगी असते, कारण ते पुस्तक न वाचलेला मुलगाही शेजाऱ्याला विचारून उत्तर लिहितो. त्याऐवजी पानाचा क्रमांक द्यावा आणि त्या पानावरचा असा शब्द निवडावा, ज्याचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून उलगडतो. समजा, गोष्टीत नावाडी वल्ह्याने पाणी कापत निघाला आहे. 'पान १४ : नावाडी कशाच्या साहाय्याने नाव पुढे नेतो?' असे सूत्र दिले, की मूल ते पान वाचते, कदाचित पहिल्यांदाच 'वल्ह्याने' हा शब्द पाहते, आणि त्यावरून 'वल्हे' हे मूळ रूप शोधून जाळीत लिहिते.

मूळ रूपाचा हा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो. मराठीत शब्द वाक्यात शिरताना आपले रूप बदलतो. 'पाण्यात' वाचून 'पाणी', 'घोड्यावर' वाचून 'घोडा', 'फुलाला' वाचून 'फूल' लिहायचे असते. शेवटच्या उदाहरणात तर ऱ्हस्व उकार दीर्घ होतो. एरवी हा नियम पाठ करताना मुले कंटाळतात. पण उभा आणि आडवा शब्द एकाच 'फू' वर भेटत असतील आणि मुलाने 'फु' लिहिला असेल, तर दुसरा शब्द बिघडतो आणि चूक त्याची त्यालाच दिसते. मोठ्यांनी लाल शाईने दाखवलेल्या चुकीपेक्षा अशी सापडलेली चूक मुलाच्या मनात कितीतरी अधिक काळ टिकते, हे मी वारंवार पाहिले आहे. म्हणून जाळीच्या वर 'सर्व उत्तरे मूळ रूपात लिहावीत' ही सूचना ठळकपणे द्यायला विसरू नका.

आणखी एक सुचवते. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. त्या हिऱ्याच्या आकाराच्या जाळीत 'फन' हा एक शब्द आधीच भरलेला होता. पहिल्यांदा कोडे सोडवणाऱ्या मुलांसाठी तुम्हीही एक लांब शब्द भरून द्या. रिकामी जाळी भीती घालते. एक शब्द दिसला, की सुरुवात कुठून करायची ते कळते.

वाचनवेल (धागाकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. पान क्रमांकाची कल्पना मी नक्की वापरणार आहे. मात्र एका अडचणीत आहे. संगणकावर कोडे बनवणाऱ्या एका संकेतस्थळावर मी मराठी शब्द भरून पाहिले, तेव्हा 'पुस्तक' मधला उकार एका चौकोनात आणि 'प' दुसऱ्याच चौकोनात गेला. हाताने जाळी आखताना शब्दांची गाठ कुठे घालावी, हेही सुचत नाही.

काना_मात्रा

यात तुमची काही चूक नाही. 'पुस्तक' हा ३ अक्षरांचा शब्द युनिकोडमध्ये ६ चिन्हांनी साठवला जातो : प, उकार, स, हलन्त, त आणि क. रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली प्रणाली प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र चौकोन देते. आपल्याला मात्र पु, स्त, क असे तीनच चौकोन हवे असतात. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे कोणत्याही तक्ता-प्रणालीत जाळी आखून प्रत्येक घरात पूर्ण अक्षर स्वतः टंकित करणे. वेळ लागतो, पण जोडाक्षर तुटत नाही.

गाठीविषयी सांगायचे तर मराठीत दोन शब्दांना मात्रेसकट संपूर्ण अक्षर समान लागते, म्हणून रचना इंग्रजीपेक्षा अवघड जाते. त्यामुळे आधी जाळी आखून मग शब्द शोधण्यापेक्षा शब्दांच्या जोड्या आधी जमवाव्यात. 'शब्दकोश' आणि 'कोडे' यांची 'को' वर गाठ पडते, 'अनुक्रमणिका' च्या शेवटच्या 'का' मधून 'कादंबरी' खाली उतरते, तर 'पुस्तक' च्या 'क' मधून 'कविता' किंवा 'कथा' निघते. 'मुखपृष्ठ' मधल्या 'ष्ठ' सारख्या अक्षरावर गाठ घालण्याचा हट्ट धरू नये.

शब्दयात्री

वेळ लावून स्पर्धा घेतली आणि पहिल्या तिघांना बक्षिसे दिली, तर मुलांचा उत्साह वाढेल असे वाटते.

पानोपानी

मी नम्रपणे असहमत आहे. घड्याळ लावले, की सावकाश वाचणारे मूल पान १४ उघडण्याऐवजी शेजाऱ्याच्या कागदात डोकावते. जोड्या कराव्यात, एका मोठ्या आणि एका लहान मुलाची एक जोडी असावी, आणि वेळेचे बंधन ठेवू नये.

स्पर्धाच हवी असेल, तर शब्दशिडी घ्या. लुईस कॅरल यांनी १८७७ मध्ये शोधलेला हा खेळ मराठीतही छान जमतो. प्रत्येक पायरीवर एकच अक्षर बदलायचे आणि दर वेळी अर्थपूर्ण शब्द मिळवायचा. 'पान' पासून 'वाट' पर्यंत एखादे मूल पान, मान, मात, वात, वाट असे जाते, तर दुसऱ्याला पान, पाट, वाट हा जवळचा मार्ग दिसतो. दोन्ही उत्तरे बरोबर असतात आणि त्यावर मुले आपसांत जे बोलतात ते ऐकण्यासारखे असते.

वाचनवेल (धागाकर्ती)

ठरले तर. लहानांना यादीसह शब्दशोध, मधल्या मुलांना शब्दशिडी आणि मोठ्यांना पान क्रमांकांचे कोडे देईन. शेवटची शंका : शब्दशोधात उरलेल्या घरांमध्ये कोणती अक्षरे भरावीत?

कोडेकर

वाटेल ती अक्षरे भरू नयेत. 'ङ' किंवा 'ज्ञ' सारखी अक्षरे भरली, तर खरे शब्द न वाचताच उठून दिसतात. मी उरलेल्या घरांत एक वाक्य दडवतो. तुमच्या ६ × ६ च्या जाळीत ३६ घरे आहेत. अनुक्रमणिका, वाचनालय, पुस्तक, कविता, लेखक, कथा आणि पान हे सात शब्द एकही घर सामायिक न ठेवता मांडले, तर ६, ५, ३, ३, ३, २ आणि २ मिळून २४ घरे भरतात आणि १२ उरतात. 'खिडकीजवळच्या कप्प्यात बघ' या वाक्यात नेमकी १२ अक्षरे आहेत. ती उरलेल्या घरांत वरून खाली, ओळीने भरा, आणि आदल्या संध्याकाळी त्या कप्प्यात प्रत्येक मुलाच्या नावाची चिठ्ठी घातलेले एकेक पुस्तक ठेवून द्या.