शांततेतल्या धरण्याची बातमी का लागत नाही?

दिंडोरीकर: वनदाव्यांसाठी, म्हणजे कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी म्हणून, आम्ही तहसीलसमोर दिवसभर धरणं धरलं. बाया लेकरं घेऊन उन्हात बसल्या, कुणी रस्ता अडवला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात एक ओळ नाही. त्याच पानावर एसटीवरच्या दगडफेकीची मोठी बातमी, फोटोसकट. पेपरवाले हे ठरवतात तरी कसं?

जुना डेस्कवाला: दादा, मी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर होतो. संध्याकाळी तालुक्याहून वार्ताहराचा फोन आला की विचारणा ठरलेली: लोक किती? काही झालं का? म्हणजे लाठीमार, रास्ता रोको, धरपकड. नसेल तर ‘निवेदन दिले’ एवढा चार ओळींचा सिंगल, म्हणजे एका कॉलमची छोटी बातमी. रात्री उशिरा जाहिरात आली की पानावरून पहिला तोच काढला जातो. तालुक्याचा वार्ताहर मानधनावर, जाहिरातीही त्यानंच आणायच्या. तो दिवसभर तुमच्यात बसणार कसा? लोकांची मागणी काय, हे कुणी विचारतच नाही. मला सगळ्यात जास्त तेच खटकायचं.

सुरगाण्याची वाचक: पण २०१८ चा किसान लाँग मार्च? तोही शांततेतच होता.

जुना डेस्कवाला: ताई, ६ मार्चला तो नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला, तेव्हा दिल्लीच्या वाहिन्यांवर जवळपास नव्हताच. हजारो माणसं घाट उतरून मुंबईच्या वेशीशी आली, तेव्हा कॅमेरे वळले. मग सोललेल्या तळपायांचे फोटो घरोघरी पोचले. दहावीच्या पोरांना परीक्षेला अडचण नको म्हणून लोक सोमय्या मैदानावरून रातोरात आझाद मैदानात गेले, त्याचीही मोठी बातमी झाली. पण त्यासाठी १८० किलोमीटर चालावं लागलं!

सुरगाण्याची वाचक: मग शे-दोनशे बायांनी काय करायचं?

जुना डेस्कवाला: धरण्याची बातमी मागू नका, दाव्याची द्या. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली जमीन चार हेक्टरपर्यंत मिळू शकते. एखादं कुटुंब किती कसतं आणि मंजूर किती गुंठे झाले, ते कागदांसकट दुपारीच वार्ताहराच्या हातात ठेवा. कागद जोडलेली बातमी कापताना डेस्कही दोनदा विचार करतो.

दिंडोरीकर: काहींना नामंजुरीचं पत्रच आलेलं नाही. तोंडीच सांगितलंय.

जुना डेस्कवाला: मग आधी तेच द्या. अपिलाला ६० दिवसांची मुदत असते. पत्रच नाही, तर ती माणसं अपील कशाच्या आधारे करणार? हा प्रश्न वार्ताहराला प्रांतांसमोर विचारायला लावा.