पाचवी ते आठवीच्या मुलांना एआय शिकवायचंय. पाच दिवस, चार लॅपटॉप. सुरुवात कुठून करू?

पुस्तककट्टा

मे महिन्यात पंचवटीतल्या आमच्या वाचनालयात सुट्टीचा वर्ग आहे. पाचवी ते आठवीची 24 मुलं, पाच दिवस, रोज दीड तास. चार जुने लॅपटॉप आहेत (4 जीबी रॅम, कॅमेरे चालू), इंटरनेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. दुपारी वीज जाऊ शकते. मुलं मराठी माध्यमातली, कोडिंग कुणालाच येत नाही.

पालकांच्या मनात एआय म्हणजे चॅटबॉट. पण यंत्र 'शिकतं' तेव्हा नेमकं काय होतं, हे मुलांना स्वतःच्या हातांनी करून कळावं असं वाटतं. संगणकाशिवाय काय करता येईल? लॅपटॉपवर नेमकं काय करावं, आणि त्यात काय काय बिघडतं? चॅटबॉट दाखवावा की नाही?

फुल्लीगोळा

पहिल्या दिवशी लॅपटॉप बाहेरच काढू नका. रिकाम्या काडेपेट्या गोळा करा.

डोनाल्ड मिची या ब्रिटिश संशोधकाने 1961 मध्ये 304 काडेपेट्या आणि रंगीत मणी वापरून फुल्ली-गोळा शिकणारं 'यंत्र' बनवलं होतं. वर्गात 304 पेट्या झेपणार नाहीत. मार्टिन गार्डनर यांनी 1962 मध्ये याच कल्पनेवर छोटा खेळ दिला, हेक्सापॉन. त्याला 24 पेट्या पुरतात.

पट 3 बाय 3 चा, दोन्ही बाजूंना तीन-तीन प्यादी. प्यादं सरळ एक घर पुढे जातं, तिरकं मारतं. समोरच्या टोकाला पोहोचलात, समोरच्याची सगळी प्यादी मारलीत किंवा त्याला चालच उरली नाही, तर तुम्ही जिंकलात. पहिली चाल नेहमी मुलांची, दुसरी पेट्यांची.

प्रत्येक पेटीवर पटाची एक स्थिती काढायची आणि त्या स्थितीतल्या प्रत्येक शक्य चालीचा बाण वेगळ्या रंगात. आत बाणाच्या रंगाचा एकेक मणी. उदाहरणार्थ, मुलाने कडेचं प्यादं पुढे सरकवलं तर पेट्यांकडे तीन चाली असतात, म्हणजे तीन मणी. मधलं सरकवलं तर उजवी-डावी बाजू सारखीच असल्यामुळे दोनच. यंत्राची पाळी आली की पटाशी जुळणारी पेटी शोधायची, हलवायची, न बघता एक मणी काढायचा, तो सांगेल ती चाल करायची. पेटी उघडी आणि मणी तिच्यासमोर, डाव संपेपर्यंत तसंच.

यंत्र हरलं तर त्याने शेवटची चाल ज्या मण्याने केली तो जप्त. जिंकलं तर सगळे मणी परत आत. कधी एखादी पेटी रिकामीच निघते. तेव्हा यंत्राने हार मानायची आणि त्याच्या आधीच्या पेटीतला मणी काढायचा. नेमका हाच नियम मुलं विसरतात, आणि मग यंत्र सुधारायचं थांबतं.

दोन संच करा, बारा-बारा मुलांना एक. चार रंगांचे शंभर मणी एका संचाला पुरतात, मेन रोडच्या कुठल्याही कटलरीच्या दुकानात मिळतील. घरातले मूग, वाटाणे, राजमा घालायचा मोह टाळा. दाणे लहान-मोठे असले की बोटांना मोठा दाणा आधी लागतो, निवड निष्पक्ष राहत नाही. आणखी एक अडचण म्हणजे आरशातली स्थिती. पटावर डावीकडे जे घडलंय ते पेटीवर उजवीकडे काढलेलं असतं, आणि मुलं म्हणतात पेटीच सापडत नाही. म्हणून पेटीच्या मागच्या बाजूला तेच चित्र उलटं काढून ठेवा, बाणांचे रंग तेच.

फळ्यावर आलेख काढा. यंत्र जिंकलं की रेघ एक घर वर, हरलं की एक घर खाली. सुरुवातीला रेघ घसरते, मग चढायला लागते आणि पुढे खाली येतच नाही, कारण या खेळात दुसऱ्या खेळाडूने अचूक खेळल्यास तो नेहमी जिंकतो.

यातला सगळ्यात मोलाचा भाग शेवटच्या वीस मिनिटांत आहे. एका संचासमोर विचार करून खेळणारी मुलं बसवा, दुसऱ्यासमोर मुद्दाम कशाही चाली करणारी. नंतर जागा बदला. कच्च्या खेळाडूंसमोर वाढलेलं यंत्र पक्क्यांसमोर हरतं. त्याच्या वाईट चालींना कधी शिक्षाच झाली नाही, ते मणी अजून पेटीतच आहेत. मुलांना पेट्या उघडून मणी मोजू द्या. यंत्राचं ज्ञान म्हणजे तेवढे मणी, दुसरं काही नाही.

लासलगाव रोड

वरचा खेळ शिक्षा करून शिकवण्याचा झाला. लेबल लावलेल्या उदाहरणांवरून शिकणं वेगळं असतं, आणि रोजच्या वापरातलं बरंचसं मशीन लर्निंग त्या प्रकारचं आहे. त्यासाठी दुसऱ्या दिवशी पाच किलो उन्हाळी कांदा आणा. बिननिवडीचा मागा, म्हणजे गोल्टी (लहान कांदा), मोठा, जोड (दोन कांदे चिकटलेला) सगळं त्यात येईल.

प्रत्येक कांद्याला नंबराची चिठ्ठी लावा. एका मुलाने फक्त बघून 'गोल्टी' की 'मोठा' ते लिहायचं, दुसऱ्याने दोरा आणि पट्टीने घेर मोजायचा. मग सगळे कांदे घेराच्या क्रमाने ओळीत मांडा. प्रश्न एकच: रेघ कुठे मारली तर सगळ्यात कमी चुका होतील?

आठ कांदे धरू. गोल्टी म्हटलेले 10, 11, 11.5 आणि 13 सेंटिमीटर घेराचे, मोठे म्हटलेले 12.5, 14, 15.5 आणि 17 चे. रेघ 10.5 वर मारली तर तीन चुका, 15 वर दोन, 12 वर एक. 13.5 वरही एकच, फक्त चुकणारा कांदा वेगळा. शून्य चुकांची रेघ इथे नाहीच. मुलं हे स्वतः करून बघतात तेव्हा 'यंत्र शिकलं' म्हणजे 'यंत्राने रेघ सरकवत कमीत कमी चुकांची जागा शोधली' हे त्यांना सांगावं लागत नाही.

यानंतर लेबलांचा विषय काढा. तेच कांदे दुसऱ्या गटाकडून, पहिल्याची वही न दाखवता, पुन्हा निवडून घ्या. काठावरच्या कांद्यांवर मतं फुटतातच. मग यंत्राला नक्की कोणाचं खरं शिकवायचं? हा प्रश्न मुलांपुढे तसाच ठेवा, घाईने उत्तर देऊ नका.

आणि सहा-सात कांदे पहिल्यापासून पिशवीत बाजूला ठेवा. रेघ पक्की झाल्यावरच ते बाहेर काढायचे. जे कांदे बघून रेघ मारली त्यांच्यावरच ती तपासण्यात काही अर्थ नाही.

कॅमेरा ऑन

तिसऱ्या-चौथ्या दिवसासाठी गुगलचं टीचेबल मशीन घ्या, म्हणजे फोटो किंवा आवाजाची उदाहरणं देऊन यंत्राला शिकवायची वेबसाइट. फुकट आहे, क्रोममध्ये उघडतं, इमेज प्रोजेक्टला लॉगिन लागत नाही. ट्रेनिंग लॅपटॉपवरच ब्राउझरमध्ये होतं, त्यामुळे हॉटस्पॉट मुख्यतः पान उघडायला हवा. वर्ग भरायच्या आधी चारही लॅपटॉपवर पान उघडून, दोन-चार फोटोंवर एकदा ट्रेनिंग करून बघा.

वरचेच कांदे वापरा. तीन वर्ग, म्हणजे यंत्राने ओळखायचे गट, करा: 'एकेरी', 'जोड' आणि 'रिकामं'. तिसरा वर्ग विसरू नका. या यंत्राला 'माहीत नाही' म्हणता येत नाही, शंभर टक्के ते असलेल्या वर्गांतच वाटतं. फक्त दोन वर्ग असतील तर समोर रिकामं टेबल असलं तरी ते 'जोड 90 टक्के' असं काहीतरी ठामपणे सांगेल. हे मुद्दाम एकदा घडवून दाखवा, मग तिसरा वर्ग जोडा.

फोटो घेताना सगळे जण एकच चूक करतात: बटण दाबून धरायचं. काही सेकंदांत एकाच कांद्याचे, एकाच कोनातले ढीगभर फोटो होतात. संख्या भरपूर दिसते, माहिती मात्र एका फोटोएवढीच. त्याऐवजी प्रत्येक वर्गाचे दहा कांदे, प्रत्येकी सहा बाजूंनी, म्हणजे 60 फोटो. 'रिकामं'चेही साधारण तेवढेच. एका वर्गात 200 आणि दुसऱ्यात 20 झाले तर यंत्राचा कल 200 कडे जातो.

इतक्या थोड्या फोटोंत काम भागतं याचं कारणही मुलांना सांगा. आत मोबाईलनेट नावाचं जाळं (फोटो ओळखणारा प्रोग्राम) आधीच लाखो फोटोंवर शिकून आलेलं असतं. कडा, पोत, आकार त्याला ओळखता येतात. आपण शिकवतो ते फक्त शेवटचं टोक.

मग बिघडवा. 'एकेरी'चे सगळे फोटो खिडकीशी निळ्या कागदावर आणि 'जोड'चे सगळे आत लाकडी टेबलावर घ्यायला सांगा. आता जोड कांदा निळ्या कागदावर ठेवला की यंत्र तो एकेरी म्हणण्याची शक्यता दाट. ते कांदा नाही, कागद बघायला शिकलं! मुलांनी हे कारण स्वतः शोधावं. अर्धा तास गेला तरी जाऊ द्या, बाकी काही राहिलं तरी चालेल. उपाय सोपा आहे: दोन्ही वर्गांचे फोटो दोन्ही जागी घ्यायचे.

आतल्या अचूकतेच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. टीचेबल मशीन 15 टक्के फोटो चाचणीला बाजूला काढतं, पण ते त्याच कांद्यांचे, त्याच उजेडातले असतात. आकडा सुंदर येतो. खरी परीक्षा पिशवीतल्या न पाहिलेल्या कांद्यांवर.

तांत्रिक बाबी: ट्रेनिंग चालू असताना टॅब बदलला की काम अडकतं, तो समोरच ठेवा. सेटिंग तशाच राहू द्या, 50 फेऱ्या पुरतात. वर्ग संपताना मेनूतून प्रोजेक्ट फाइल म्हणून डाउनलोड करा, नाहीतर टॅब बंद झाला की सगळं गेलं. लॅपटॉपची बॅटरी जेमतेम असेल तर फोटो सकाळीच उरकून घ्या.

आवाजाचं प्रोजेक्ट करायचं झालं तर आधी 20 सेकंद पार्श्वभूमीचा आवाज, पंखा चालू ठेवूनच. मग 'डावा' आणि 'उजवा' यांचे प्रत्येकी किमान आठ नमुने. नमुना एक सेकंदाचा असतो, लांब शब्द तुटतो. सगळे नमुने एकाच मुलाचे असले तर दुसऱ्याचा आवाज आला की गडबड होते. सहा मुलांचे मिळून घ्या.

पुस्तककट्टा

मनापासून आभार. कांद्याऐवजी द्राक्षाच्या पानांवरचे डावणी आणि भुरी हे रोग ओळखायला लावले तर? काही मुलांच्या घरी बागा आहेत.

खरड छाटणी

मे महिन्यात नको. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तेव्हा वेलीवर कोवळी फूट असते, आणि डावणीला लागणारा पावसाचा ओलावा नसतो. रोगट पानं पुरेशी मिळणार नाहीत. बागेतल्या पानांवर फवारणीही झालेली असते, ती मुलांच्या हातात देऊ नये. डावणीचे तेलकट पिवळे डाग पानाच्या वरून दिसतात आणि पांढरी बुरशी खालून, म्हणजे प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंचे फोटो लागतील. पाच दिवसांच्या वर्गाला हे जड आहे.

पानंच हवी असतील तर वाचनालयाच्या आवारातली पेरू, आंबा आणि जांभळाची घ्या. आंबा आणि जांभूळ मुलांनाही चकवतात, तेवढी अडचण पुरेशी आहे.

शब्दसाखळी

चॅटबॉटबद्दल. दाखवा, पण शेवटच्या दिवशी, आणि आधी कागदावर एक छोटा चॅटबॉट बनवून.

फळ्यावर दोन वाक्यं लिहा:

गोदावरी नदी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते.
कृष्णा नदी महाबळेश्वरजवळ उगम पावते.

आता प्रत्येक शब्दानंतर कोणता शब्द आला याच्या चिठ्ठ्या करून शब्दाच्या नावाच्या वाटीत टाका. 'गोदावरी'च्या वाटीत 'नदी' ही एकच चिठ्ठी. 'नदी'च्या वाटीत दोन: 'त्र्यंबकेश्वरजवळ' आणि 'महाबळेश्वरजवळ'. 'गोदावरी'पासून सुरू करून चिठ्ठ्या काढत वाक्य बनवा. दोनपैकी एका वेळी वाक्य येईल: गोदावरी नदी महाबळेश्वरजवळ उगम पावते. व्याकरण चोख, माहिती साफ चुकीची, आणि दिलेली दोन्ही वाक्यं मात्र खरी होती. नाशिकच्या मुलांना ही चूक तात्काळ टोचते.

मग विचारा, हे कसं टाळता येईल? कोणीतरी म्हणेलच की मागचे दोन शब्द बघायचे. 'गोदावरी नदी' अशी वाटी केली की तिच्यात एकच चिठ्ठी उरते. मोठे चॅटबॉट मागचे हजारो शब्द बघतात, वाट्यांच्या जागी त्यांच्याकडे प्रचंड आकडेमोड असते, पण काम पुढचा तुकडा ओळखण्याचंच. खरं-खोटं तपासणारी वेगळी वाटी या खेळात कुठेच नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. यानंतर मुलं पंधरा-वीस वाक्यं स्वतः लिहून वाट्या भरू शकतात, त्याला 40 मिनिटं लागतात.

खरा चॅटबॉट तुमच्याच खात्यावरून, एकाच पडद्यावर दाखवा. बऱ्याच चॅटबॉटच्या अटींत 13 वर्षांखालच्या मुलांना खातं उघडायला मनाई आहे, आणि तुमच्या वर्गातली बरीच मुलं त्याहून लहान असतील. मुलांना त्यांच्या गल्लीबद्दल, जवळच्या मंदिराबद्दल, त्यांना पक्कं माहीत असलेलं काहीतरी विचारू द्या. उत्तरातलं प्रत्येक विधान वहीत उतरवून समोर बरोबर, चूक किंवा तपासायचं असं लिहायचं. 'तपासायचं'ची यादी तुमच्याच वाचनालयातल्या पुस्तकांत शोधायला लावा.

कॅमेरा ऑन

एक राहिलं. टीचेबल मशीनवर मुलं सगळ्यात आधी स्वतःच्या चेहऱ्याचे फोटो काढायला धावतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती मूल धरली आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. फोटो लॅपटॉपवरच राहतात हे खरं, पण मॉडेल (शिकवून तयार झालेलं यंत्र) अपलोड केलं किंवा प्रोजेक्ट ड्राइव्हवर ठेवलं की तसं राहत नाही. म्हणून कॅमेरा टेबलाकडे तोंड करून ठेवा, मागे पुठ्ठा उभा करा. चेहरा चौकटीत येणार नाही आणि फोटोंची पार्श्वभूमीही सारखी राहील.

पुस्तककट्टा

ठरलं. सोमवारी पेट्या, मंगळवारी दोरा-पट्टी, बुधवार-गुरुवार टीचेबल मशीन, शुक्रवारी वाट्या आणि शेवटी अर्धा तास चॅटबॉट. जोड कांदे पाच किलोत दहा निघतील का?

लासलगाव रोड

खात्री नाही. भाजीवाल्याला आधीच सांगून जोड वेगळे काढून ठेवायला लावा, परीक्षेचे धरून पंधरा. डेंगळेही (फुलाचा दांडा आलेले कांदे) मिळाले तर चौथा वर्ग होईल. आणि कांदे रात्री प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, टोपलीत पसरून ठेवा. मे महिन्यात कोंडलेला कांदा घामेजतो, सालं सुटतात, आणि बुधवारच्या फोटोतला कांदा गुरुवारी वेगळाच दिसतो.